प्रशिक्षणाची नवी साधने आणि शिक्षकाची जुनी पंचपदी

(कुंभिवली, तालुका खालापूर येथे प्राथमिक शिक्षकांच्या बैठकीत केलेले भाषण)



सेवेत असलेल्या शिक्षकाचे प्रशिक्षण आधुनिक साधनांच्या साहाय्याने परिणामकारक कसे करावे, हा आजचा विषय आहे. तो आपल्या परिचयाचा आहे. किंबहुना अतिपरिचयाचा आहे. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले. २१ ऑगस्ट २०१९ रोजी ‘निष्ठा’ हा प्रशिक्षणक्रम आरंभिला गेला आणि २०२० च्या ऑक्टोबरात, महामारीमुळे शाळा बंद असताना, तो आपल्या मोबाइलवर आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा केली आहे. सहा तासांचा दिवस धरला तर हे आठ दिवसांहून अधिक होतात. हा वेळ थोडा नव्हे. तो मुलांच्या उपयोगी पडतो की केवळ प्रमाणपत्राच्या, हाच खरा प्रश्न होय.

घटक मोबाइलवर चालू ठेवून शेजारी माहितीची पत्रके भरली जातात, चाचणीची उत्तरे गटावर येतात आणि प्रमाणपत्र हाती पडते, हे आपण सर्वजण जाणतो. यात शिक्षकांच्या आळसापेक्षा प्रशिक्षणाच्या रचनेचा दोष मोठा आहे. ‘घटक पूर्ण झाला काय?’ एवढेच जर विचारले जाणार असेल, तर घटक पूर्ण होतो. ‘वर्गात काय बदलले?’ असे विचारणारा तेथे कोणीच नसतो.

खोपोलीचे वीजगृह आपणांस ठाऊक आहे. १९१५ पासून तेथे वीज निर्माण होत आहे. अशा ठिकाणी नव्या कामगाराने चित्रफीत पाहिली एवढ्यावरून त्याच्या स्वाधीन कोणी यंत्र करील काय? त्याला आधी काम दाखविले जाते, मग देखरेखीखाली करावयास लावले जाते आणि ते नीट जमते अशी खात्री पटल्यावरच एकट्यावर सोपविले जाते.

ही पद्धत कारखान्यांनी घेतली ती मात्र शाळेकडून! हर्बार्टच्या विचारांवरून त्याच्या अनुयायांनी सिद्ध केलेली पंचपदी आपण अध्यापक विद्यालयात शिकलो. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जहाजबांधणीसाठी हजारो नवखे कामगार तातडीने तयार करावयाचे होते. त्या वेळी चार्ल्स ॲलन या प्रशिक्षकाने त्याच विचारातून चार पायऱ्या बसविल्या: पूर्वतयारी, सादरीकरण, प्रत्यक्ष उपयोजन व तपासणी. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४५ या वर्षांत, त्याच पायऱ्यांनी तेथील लक्षावधी कामगार शिकविले गेले. आजच्या मोबाइलवरील प्रशिक्षणात यांपैकी दुसरी पायरी तेवढी झगझगीत झाली आहे. पहिली, तिसरी आणि चौथी गळून पडल्या आहेत.

साधन नवे असतानाही या पायऱ्या सांभाळता येतात, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत ‘साइट’ या प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. त्यातच प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे १२ दिवसांचे प्रशिक्षण होते. परंतु दूरदर्शन संच लावून शिक्षकांना त्यासमोर बसविले, एवढ्यावर योजना थांबली नाही. जोडीला आकाशवाणी होती, छापील पुस्तिका होत्या, स्वतः करून पाहावयाचे प्रयोग होते आणि केंद्रावर मार्गदर्शक उपस्थित होता. आकाशातून आलेला धडा जमिनीवर हातांनी करून पाहावयाचा, हे तत्त्व आजही लागू आहे.

आता आपल्या पातळीवर हे कसे करावे? एकच उदाहरण घेऊ. तिसरीच्या वर्गात ५२ मधून ३८ वजा करावयास सांगा. काही मुले १४ ऐवजी २६ हे उत्तर देतील. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून ती आठातून दोन काढतात व पाचातून तीन. मुलाने मोठ्या अंकातून लहान अंक काढावयाचा असा स्वतःपुरता नियम केला आहे. ही चूक किती मुले करतात ते पाट्यांवर मोजणे, ही झाली पूर्वतयारी. प्रशिक्षणाचा विषय वरून येण्याची वाट न पाहता तो या पाट्यांवरून निवडावा.

दुसरी पायरी सादरीकरणाची. दशक मोडून सुटे कसे करावेत याचा पाठ ‘दीक्षा’वर मिळाला तर नेटवर्क असेल तेथे उतरवून घ्यावा, वाडीवर तो नेटवर्कविना दाखविता येतो. त्याहून बरे म्हणजे आपल्यातील जो शिक्षक काड्यांच्या गठ्ठ्यांनी हे उत्तम शिकवितो, त्याच्या पाठाचे पाच मिनिटांचे चित्रण करावे. तिसरी पायरी अशी की, तो पाठ प्रत्येकाने आपल्या वर्गात घ्यावा आणि मोबाइल टेबलावर ठेवून त्याचे ध्वनिमुद्रण करावे.

या ध्वनिमुद्रणाचे महत्त्व मी मुद्दाम सांगतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिफिती ऐकून दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांब व विचारपूर्ण होतात आणि गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. शिकविताना हे आपल्या ध्यानी येत नाही; ऐकताना येते. आपला मोबाइल हा आपल्या अध्यापनाचा आरसा होऊ शकतो. आरशात मात्र ज्याने त्याने स्वतःच पाहावे, फार तर एका विश्वासू सहकाऱ्याला दाखवावे. मुलांचे चेहरे पालकांच्या संमतीविना गटावर टाकू नयेत, आणि अधिकाऱ्यांनीही असे ध्वनिमुद्रण तपासणीसाठी मागू नये. भीती शिरली की आरसा झाकला जातो.

चौथी पायरी तपासणीची. आठवड्याने व पुन्हा महिन्याने तशीच उदाहरणे पाट्यांवर द्यावीत. विसरणे हा मनाचा धर्म आहे. एबिंगहाउसने १८८५ मध्येच त्याचे मापन केले. म्हणून एकदा दिलेले प्रशिक्षण पुरत नाही, थोड्या थोड्या अंतराने परत यावे लागते. आधी किती मुले २६ म्हणत होती आणि आता किती म्हणतात, ही संख्या हेच आपले खरे प्रमाणपत्र.

आणखी एक काम आहे, आणि ते या तालुक्यात विशेष अगत्याचे आहे. आपल्या वाड्यांवरची कातकरी व ठाकूर मुले घरची बोली घेऊन शाळेत येतात. त्यांतील कित्येक कातकरी मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. बदली होऊन नवा शिक्षक वाडीवर येतो तेव्हा त्याला ही बोली कळत नाही; मूल गप्प राहते आणि ‘याला काही येत नाही’ असा शेरा त्याच्या माथी बसतो. ही बोली कोणत्याही राष्ट्रव्यापी प्रशिक्षणक्रमाच्या आवाक्यात येणारी नाही. तयार पाठ लिहून देणारी नवी यंत्रे सुबक मराठी लिहितात, पण वाडीवरच्या आजीचा शब्द त्यांना ठाऊक असेल असे समजू नये. तो शब्द आजीच जाणते. म्हणून जाणत्या माणसांना विचारून, त्यांच्या अनुमतीने, घरातील, रानातील, मोजणीचे शंभर-दोनशे शब्द व काही गोष्टी ध्वनिमुद्रित कराव्यात आणि बदली होताना त्या कार्यभाराबरोबर पुढील शिक्षकाच्या हाती द्याव्यात. खडू-फळ्याची नोंद आपण देतोच. मुलांच्या भाषेची नोंदही द्यावी.

ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांसह त्यांनी कोसबाडला काम उभारले. शिंपले, बिया, पाने हीच त्यांची साधने होती. साधन स्वस्त की महाग, जुने की नवे, यावर त्यांचे काम अवलंबून नव्हते. मूल कोठे उभे आहे हे आधी पाहण्यावर ते अवलंबून होते. आपल्या खिशातील मोबाइलला हीच कसोटी लावावी.

अॅप व माहितीची मागणी यांनी आपण गांजलेले आहात, हे मी जाणतो. म्हणून नवे अॅप, नवा तक्ता मी सुचवीत नाही. पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने मुलांच्या पाट्यांवरून निवडलेली एकच अडचण आणावी, एवढीच विनंती आहे. त्या अडचणींतूनच आपण वर्षाचे प्रशिक्षण आखू, आणि ५० तास त्यांवरच खर्च करण्याचा यत्न करू. इतके सांगून मी आपली रजा घेतो.