लहान इंजिनाचा आवाज आणि त्याची झीज

पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनें १९७२ सालीं ‘लुना’ बाजारांत आणली, तेव्हां पायडल मारून सुरू होणारें एक स्वस्त वाहन मध्यम स्थितींतील कुटुंबांस लाभलें. पेट्रोलवर चालणाऱ्या लुनाचें उत्पादन थांबून पुष्कळ वर्षें लोटलीं. तरी ती अद्याप जतन करणारीं घरें आहेत. अशा घरीं इंजिनांतून नवा आवाज येऊं लागला कीं दोन मतें निघतात. एक म्हणतो, ‘जुनी गाडी, आवाज करायचीच.’ दुसरा म्हणतो, ‘इंजिन उघडा.’ दोन्ही सल्ले घाईचे होत. आवाज केव्हां येतो हें आधीं पाहिलें, तर तो कोठून येतो हें बहुधा कळतें. आणि सुटे भाग सहजीं न मिळणाऱ्या गाडीला वृथा उघडण्याची आपत्ति टळते.

हें टू-स्ट्रोक इंजिन सुमारें ५० घनसेंटिमीटरचें असतें. त्याच्या तळाशीं तेलाचा वेगळा सांठा नसतो. पेट्रोलांत मिसळलेलें तेल हेंच त्याचें वंगण. मिनिटास ५,००० फेरे झाले, तर पिस्टन सेकंदास ८३ वेळां वर-खालीं होतो. एवढ्या धांवपळींत तेल थोडें कमी पडलें, तरी झीज झपाट्यानें वाढते.

प्रथम इंजिनाबाहेरचें कारण पाहावें. सैल झालेला नट, धुराड्याचा ढिला पट्टा किंवा साखळीवरील पत्रा हीं पुष्कळदां खरीं अपराधी ठरतात. तेथें दोष नसेल, तर थंड आणि तापलेल्या इंजिनाचा आवाज ताडून पाहावा. थंड असतां टकटक होऊन गाडी तापल्यावर ती मावळत असेल, तर पिस्टन सिलिंडरांत थोडा सैल झाला आहे असें समजावें. अॅल्युमिनिअमचा पिस्टन लोखंडी सिलिंडरापेक्षां अधिक फुगतो, म्हणून तापल्यावर फट कमी होते. ही झीज खरी. पण तेवढ्यानें गाडी लगेच बंद ठेवण्याचें कारण नाहीं.

चढावर येणारे आवाज दोन प्रकारचे असतात, आणि त्यांची गल्लत महागांत पडते. कांचेवर खडे टाकल्यासारखा बारीक, तीक्ष्ण आवाज हा पेट्रोल अवेळीं भडकल्याचा. डोक्यांत साचलेला कार्बन, लवकर पडणारी ठिणगी किंवा हवेचें फाजील प्रमाण हीं त्याचीं कारणें. थ्रॉटल किंचित् मिटला कीं तो थांबतो. दुसरा आवाज खोल व बोजड असतो. कार्बन काढून आणि ठिणगीची वेळ जुळवूनही तो जात नाहीं. तो कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोंकाकडील बेअरिंगचा असण्याचा संभव फार. असा ठोका ऐकूं आल्यावर गाडी चालवीत राहणें म्हणजे क्रँकवर पाणी सोडणें होय.

वेगाबरोबर चढत जाणारी घरघर क्रँकच्या बाजूंच्या बेअरिंगांची असते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक इंजिनाच्या कवचाला लावून मूठ कानाशीं धरली, तर आवाजाची जागा सांपडते. इंजिन बंद करून मॅग्नेटोचें चाक हातानें वर-खालीं हलवावें. तें हललें, तर बेअरिंग झिजलें आहे. अशा स्थितींत क्रँकवरील सीलही निकामी होऊन बाहेरची हवा आंत शिरते, मिश्रण विरळ होतें, इंजिन अधिक तापतें आणि अखेर पिस्टन जाम होतो. साध्या घरघरीचा शेवट असा होऊं शकतो.

जाम होण्यापूर्वीं गाडी अकारण मंदावते. त्या क्षणीं जोर वाढवूं नये. थ्रॉटल मिटून थांबावें आणि इंजिन निवूं द्यावें. घाट उतरतांना थ्रॉटल मिटलेला असतो, पण इंजिन वेगानें फिरत असतें. पेट्रोलाबरोबर तेलही कमी जातें. म्हणून अधूनमधून थ्रॉटल क्षणभर उघडावा.

इंजिन उघडण्याची वेळ आलीच, तर कनेक्टिंग रॉड धरून पाहावा. मोठ्या टोंकाशीं आडवें किंचित् हलणें स्वाभाविक. उभें हलणें मात्र झिजेचें निश्चित लक्षण. पण तत्पूर्वीं आवाज थंडींत येतो कीं तापल्यावर, चढावर कीं सपाटीवर, वेगाबरोबर बदलतो कीं नाहीं, एवढ्या तीन गोष्टी कागदावर टिपून मिस्त्रीच्या हातीं द्याव्या. चांगला मिस्त्री तो कागद वाचल्यावरच पान्याला हात घालील.