दोष खेळाचा नव्हे

कविता लिहिणाऱ्या माणसानं संगणकाच्या बिघाडावर बोलावं, याचं काही जणांना नवल वाटेल. पण अलीकडे आमच्या मोहल्ल्यात एक तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि मला वाटतं तुमच्या गल्लीतही येत असेल. 'संगणक एरवी छान चालतो. टायपिंग होतं, सिनेमा दिसतो, मुलांचा अभ्यास होतो. मोठा गेम लावला की मात्र पंधरा-वीस मिनिटांत हँग होतो.' चित्र जागच्या जागी थिजतं, आवाज एकाच सुरावर अडकून घरघरत राहतो, माउस हलत नाही आणि शेवटी बटण दाबून धरून यंत्र बंद करावं लागतं.

यावर दोन निकाल ठरलेले असतात. आई-वडील म्हणतात, 'गेममुळेच बिघडला, गेम बंद कर.' दुकानदार म्हणतो, 'ग्राफिक्स कार्ड गेलं, नवं टाका.' पहिल्या निकालात पोराचा खेळ जातो, दुसऱ्यात बापाचा पगार. आणि खरा बिघाड या दोन्हींत सापडलेला असतोच असं नाही. आज बोलायचं आहे ते या दोन निकालांच्या मधल्या वाटेबद्दल.

आधी हे समजून घेऊ, की मोठा गेम म्हणजे यंत्राच्या दृष्टीनं काय. पत्र टाइप करताना प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. गेम सुरू झाला की प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मेमरी, डिस्क आणि या सगळ्यांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय असे सगळे एकाच वेळी कामाला जुंपले जातात, तेही तासन्‌तास. हृदयाबद्दल शंका आली की डॉक्टर ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालायला लावतात. आडवं पडून काढलेला कार्डिओग्राम चांगला येतो, पट्ट्यावर दम लागला की दोष दिसतो. म्हणून कुणी पट्ट्याला दोष देत नाही. गेमचंही तसंच आहे. आत कुठंतरी असलेला कच्चा दुवा तो उघडा पाडतो.

तेव्हा पहिलं काम निरीक्षणाचं. संगणक नेमका कसा थांबतो? नुसता गेम बंद होऊन आपण डेस्कटॉपवर परत येत असू, तर गेमच्या फाइली किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर आधी तपासावा. चित्र थिजलं असेल, तर कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून पाहावं. दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र आतून जागं आहे, फक्त चित्र अडकलं आहे. मग संशय गेमवर, ग्राफिक्स कार्डावर आणि त्याच्या ड्रायव्हरवर. दिवाही हलत नसेल, तर अख्खं यंत्रच थांबलं आहे. तिथं मेमरी, प्रोसेसर, मदरबोर्ड हे सगळेच आरोपी होतात. आणि संगणक एकाएकी बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर वीजपुरवठ्याकडे किंवा अतिरेकी उष्णतेकडे बोट जातं. हे पक्के नियम नव्हेत, वाटेवरच्या पाट्या आहेत.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक नोंदवही असते. तिच्यात बऱ्याचदा 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसते आणि लोक घाबरून पॉवर सप्लाय बदलायला धावतात. या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नाही. तुम्ही स्वतः बटण दाबून धरलंत तरी ती उमटते. तिच्या आसपास हार्डवेअरच्या चुकीची दुसरी एखादी नोंद असेल, तर ती मात्र लक्ष देऊन वाचावी.

आता उष्णता. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात जातो. संगणकाचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. हवाच तापलेली असेल, तर तो बिचारा काय करणार! त्यात ज्या डब्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो, तो टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेला आणि वर विणलेला रुमाल. आत धुळीचे थर. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो आणि फारच तापला तर यंत्र बंद पाडतो. तापमान दाखवणारे एचडब्ल्यूइन्फोसारखे प्रोग्रॅम फुकट मिळतात. ते नको असतील, तर साधा प्रयोग करा. डब्याची बाजूची पत्री काढा, समोर टेबलफॅन लावा, हात मात्र आत घालू नका, आणि खेळून पाहा. वीस मिनिटांत थांबणारा गेम दोन तास चालला, तर निम्मं उत्तर मिळालं. मग प्लग काढून धूळ साफ करावी. साफ करताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं, हवेच्या झोतानं ते गरगरू देऊ नये. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट काही वर्षांत सुकते, तीही बदलून घ्यावी.

दुसरा आरोपी वीज. आपल्या घरांत दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचाच भार पेलतो. तो घेतला तेव्हा संगणक साधा होता. पुढं मुलानं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि एकटं कार्डच दोनशे वॉट मागायला लागलं. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, बाकीची वीज वेगळ्या केबलनं द्यावी लागते. ती केबल सैल असेल, किंवा स्वस्तातला पॉवर सप्लाय लेबलावर लिहिलेले वॉट प्रत्यक्षात देत नसेल, तर ऐन लढाईतच घात होतो. यूपीएस बाजूला ठेवून अर्थिंग असलेल्या भिंतीच्या प्लगला जोडून पाहणं आणि केबली नीट बसवणं हे घरी करता येतं. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जिवाला धोका होईल एवढा विजेचा साठा राहू शकतो.

तिसरा आरोपी मेमरी, म्हणजे रॅम. इथं माझ्या भाचीची हकिगत सांगतो. ती लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. स्टुडिओवाले शूटिंग आणून देतात, ती घरी बसून काम पुरं करते. कॉलेजच्या फीचा मोठा वाटा त्यातून निघतो. तिचा संगणक गेममध्ये हँग होऊ लागला. माझ्या बहिणीचं म्हणणं, 'गेम काढून टाक, कामापुरतं यंत्र चालतंय ना?' दुकानदारानं नव्या कार्डाचा जो आकडा सांगितला, तो पाच लग्नांच्या कमाईएवढा होता. पोरगी मला म्हणाली, 'मामू, तपासल्याशिवाय मी पैसे देणार नाही.' तिनं एक वही घातली. तापमान पाहिलं, ठीक होतं. यूपीएस काढून पाहिला, फरक नाही. मग पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट नावाचा फुकट प्रोग्रॅम घेऊन रात्रभर मेमरी तपासली. सकाळी पडद्यावर चुकांची रांग! दोन पट्ट्यांपैकी एकेक लावून पाहिली, तेव्हा दुसरी पट्टी सदोष निघाली. ती वॉरंटीत बदलून मिळाली आणि गेम थांबायचा बंद झाला.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. तिच्या काही व्हिडिओंत मधूनच हिरवे चट्टे यायचे, एखादी कॉपी केलेली फाइल उघडायचीच नाही. ती कॅमेऱ्याच्या कार्डाला दोष द्यायची. पट्टी बदलल्यावर तेही थांबलं. डिस्कवर जाणारी प्रत्येक गोष्ट आधी मेमरीतून जाते. मेमरी खोटं बोलू लागली, तर फाइलही खोटीच लिहिली जाते, आणि कुणाला पत्ता लागत नाही. गेम काढून टाकला असता तर घर शांत झालं असतं, आणि लोकांच्या लग्नाच्या आठवणी गुपचूप नासत राहिल्या असत्या. लग्न काही पुन्हा लावून शूटिंग करता येत नाही!

कधी कधी तर यंत्राचा संदेशच भलत्याचं नाव घेतो. इंटेल कंपनीच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं प्रकरण २०२४ साली जगभर गाजलं. मोठे गेम मध्येच बंद पडत आणि पडद्यावर संदेश येई, 'ग्राफिक्स मेमरी पुरेशी नाही.' वाचणारा साहजिकच ग्राफिक्स कार्डावर संशय घेई. प्रत्यक्षात हिशेब चुकत होता प्रोसेसरचा. त्याला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं, हे इंटेलनं जुलै २०२४मध्ये मान्य केलं. ऑगस्टपासून बायोसच्या अपडेटमधून दुरुस्ती देण्यात आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. ज्या चिपला आधीच इजा झाली होती, ती मात्र अपडेटनं बरी होत नाही, बदलूनच घ्यावी लागते. या पिढ्यांचा प्रोसेसर तुमच्याकडे असेल, तर मदरबोर्ड कंपनीचा ताजा बायोस घातलेला आहे ना, एवढं जरूर पाहा.

मग करायचं काय? सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. वेग वाढवण्यासाठी काही सेटिंग बदललं असेल, तर ते मूळपदावर आणा. मेमरीचा वेग वाढवणारं एक्सएमपी नावाचं सेटिंग बायोसमध्ये असतं, तेही तात्पुरतं बंद करून पाहा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर पूर्ण काढून नव्यानं घाला. यातल्या कशालाही पैसा लागत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. कवितेत एखादी ओळ अडखळते, तेव्हा आम्ही एक शब्द बदलतो आणि पुन्हा म्हणून पाहतो. चार शब्द एकदम बदलले, तर ओळ का सुधारली हे कधीच कळत नाही. यंत्राचंही तसंच. काय बदललं, त्यानंतर गेम किती मिनिटं चालला, थांबताना काय दिसलं, हे तारखेसह वहीत लिहा.

एवढं करूनही उत्तर सापडलं नाही, तर जरूर कारागिराकडे जा. त्याच्याकडे जोडून पाहायला दुसरा पॉवर सप्लाय असतो, दुसरं कार्ड असतं. पण जाताना ती वही सोबत न्या. 'हँग होतो हो' एवढंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला नवं कार्ड विकणं सोपं असतं. 'तापमान सत्तर, मेमरी निर्दोष, यूपीएसशिवायही तोच प्रकार' असं सांगणाऱ्यापुढं कारागीरही खुर्ची ओढून बसतो आणि खरी तपासणी सुरू होते.