आपल्या बोलण्यातले अलंकार



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक गोष्ट घडली. हप्त्यांचा हिशोब झाला, वही मिटली, आणि आमच्यातली एक जण म्हणाली, "पोरगी दहावीला आहे. रोज रात्री अलंकार, अलंकार घोकत बसते. मी म्हटलं, काय गं ते, मला सांग की. तर म्हणाली, आई, तुला नाही कळायचं."

आम्ही सगळ्या गप्प झालो. हे वाक्य आमच्यातल्या बहुतेक जणींनी कधी ना कधी ऐकलं आहे. मग ठरलं, की पुढच्या बैठकीला ते व्याकरणाचं पुस्तक आणायचं. जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्या दिवशी आम्हाला जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

अलंकार म्हणजे दागिना. दागिना घातला की रूप खुलतं, तसंच बोलण्याचं. पहिला अलंकार उपमा. आपण म्हणतो, "तिचं बोलणं मधासारखं गोड आहे." झाली उपमा! पुस्तकात तिचे चार भाग सांगितलेत. ज्याच्याबद्दल बोलायचं ते उपमेय, म्हणजे इथं 'बोलणं'. ज्याच्याशी तुलना करायची ते उपमान, म्हणजे 'मध'. दोघांत सारखा असलेला गुण म्हणजे समान धर्म, तो 'गोडवा'. आणि दोघांना जोडणारा शब्द, 'सारखं'. सारखा, जसा, समान, प्रमाणे, परी असे शब्द दिसले की समजायचं, उपमा असणार.

पोरांचा गोंधळ होतो तो उपमेय कोणतं आणि उपमान कोणतं यात. आमच्यातल्या एकीनं सोपी युक्ती काढली. ती म्हणाली, "उपमेय आपल्या घरातलं, उपमान शेजारणीकडून मागून आणलेलं." गोष्ट तिच्या बोलण्याची चाललीय, म्हणजे बोलणं घरातलं. मध कामापुरता मागून आणला. ही युक्ती पोरींना सांगून बघा, विसरायच्या नाहीत.

आता तेच वाक्य थोडं बदलू. "तिचं बोलणं म्हणजे जणू मधच!" ही उत्प्रेक्षा. जणू, जणू काही, वाटे, भासे, गमे हे शब्द तिची खूण. आणखी एक पायरी वर चढू. "तिचं बोलणं म्हणजे मध." इथं 'सारखं' नाही, 'जणू' नाही. बोलणं आणि मध एकच करून टाकले. हे रूपक. असं लक्षात ठेवा: उपमेत दोघी शेजारी शेजारी बसल्या, उत्प्रेक्षेत एकीनं दुसरीचं लुगडं नेसलं, आणि रूपकात दोघी एकच झाल्या.

बाकीचे अलंकार तर आपण दिवसभर वापरतो. "यंदा पाऊस रुसला," "आज चूल ऐकतच नाही." पाऊस काय माणूस आहे रुसायला? निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं म्हटलं, की ती चेतनगुणोक्ती. "तुला हजार वेळा सांगितलं," "राबून हाडांचं पीठ झालं," ही अतिशयोक्ती. "काकूनं काळ्या कढईत कडीपत्ता कुरकुरीत केला," यात 'क' पुन्हा पुन्हा येतो, तो अनुप्रास. आणि उखाणा घेताना नावाशी जुळणारा शब्द आपण शोधतो ना, तसे ओळींच्या शेवटी जुळणारे शब्द आले की यमक.

श्लेष म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ. पोरगी पत्र्यावर चढली होती. आजीनं खालून विचारलं, "काय गं, काय चाललंय?" पोरगी म्हणाली, "वर बघतेय." आजी म्हणाली, "आधी दहावी तर होऊ दे, मग बघ!" हा श्लेष.

बायांनो, हे आपल्याला नवं नाही. बहिणाबाई चौधरींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जळगावजवळच्या असोद्यात 1880 साली त्यांचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचायच्या, आणि घरच्यांनी ती उतरवून ठेवली. त्या 1951 साली वारल्या आणि दुसऱ्या वर्षी, 1952 मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. आज शाळेतली पोरं त्यांच्या कवितांतले अलंकार ओळखतात. तसंच जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांच्या ओव्या गोळा करायचं काम उभं केलं. त्यात 1 लाखाहून जास्त ओव्या जमल्या. दळता दळता ओव्या रचणाऱ्या कितीतरी जणी शाळेत गेल्याच नव्हत्या, पण त्यांच्या ओव्यांत उपमा आहेत, रूपकं आहेत. पुस्तकानं फक्त त्यांना नावं दिली.

आता बैठकीतली खरी गोष्ट सांगतो. रूपकाचं वाचून झालं. वाचणारी म्हणाली, "द्या कुणीतरी उदाहरण." आमच्यातली सगळ्यात वयस्कर बाई चटकन म्हणाली, "पोरगी म्हणजे परक्याचं धन."

आधी सगळ्या हसलो. उदाहरण अगदी बरोबर होतं. मग हसू थांबलं. कारण जिच्या पोरीचं ते पुस्तक होतं, तिच्याच घरी एक स्थळ सांगून आलं होतं. दहावी झाली की शाळा पुरे, अशी घरात बोलणी चालली होती, आणि बोलणाऱ्यांच्या तोंडी हेच वाक्य होतं.

मग आम्ही त्या वाक्याचे भाग पाडले, पुस्तकात पाडतात तसेच. उपमेय, पोरगी. उपमान, धन. आता समान धर्म सांगा. धन मोजता येतं. कुलपात ठेवता येतं. एकाकडून दुसऱ्याकडे देता येतं. पोरगी? ती शिकते, बोलते, रुसते, आजारी आईचं पाहते, उद्या कमावेल. धनाला काही विचारावं लागत नाही, पोरीला विचारावं लागतं. आम्ही पुष्कळ शोधलं, पण समान धर्म काही सापडला नाही. वयस्कर बाई म्हणाल्या, "मग हे रूपक आपण इतकी वर्षं तपासलंच नाही म्हणायचं. मला लग्नात हेच म्हणाले होते, मी माझ्या पोरींना हेच म्हटलं."

रूपकाची ताकद अशी असते. 'सारखं' म्हटलं की तुलना आहे हे कळतं, आणि माणूस विचार करतो, खरंच सारखं आहे का? 'म्हणजे' म्हटलं, की ते खरंच वाटायला लागतं. म्हणून रूपक ऐकलं की आधी त्यात 'सारखं' घालून बघा. "पोरगी परक्याच्या धनासारखी आहे." लगेच मनात येतं, कशी काय? अतिशयोक्तीचंही असंच. "महिनाभरात पैसे दुप्पट" असं कुणी गटात येऊन सांगितलं, तर मनात म्हणा, अलंकार आहे हा, आणि कागद मागा.

त्या आईनं घरी सांगितलं, की कायद्यानं 18 वर्षांच्या आत मुलीचं लग्न करता येत नाही, आणि आमची अजून 16 ची पण नाही. थोडी वादावादी झाली. आम्ही चौघी जणी जाऊन बसलो. स्थळाला सध्या नको म्हणून कळवलंय. अकरावीचा अर्ज भरायचं ठरलंय. पुढचं पुढे बघू.

आणि त्या रात्री पोरगी अभ्यासाला बसली, तेव्हा आईनं तिला बोलण्यातली सहा वाक्यं सांगितली आणि म्हणाली, "ओळख, कोणता अलंकार." पोरीची पाच बरोबर आली. सहावं वाक्य होतं "परक्याचं धन." त्याला तिनं उपमा म्हटलं. आई म्हणाली, "चुकलं. रूपक आहे ते. पण तू त्याला उपमाच समज."

मैत्रिणींनो, आज रात्री तुमच्या घरच्या लेकरांना असंच पाच-सहा वाक्यांचं कोडं घाला. वाचता येत नसेल तरी अडत नाही, वाक्यं तुमच्याच तोंडातली आहेत. आणि रोज कानावर पडणारं एखादं रूपक गटात आणा, त्याचे भाग पाडून बघा. समान धर्म सापडतो का, ते सगळ्या मिळून ठरवा.