अजिंठ्याची रेषा आणि बाजारातील वस्तू



आपल्या मंचेरियलच्या बाजारपेठेतील एखाद्या दुकानात उभे राहून सभोवार पाहिले, तर लग्नपत्रिकेपासून मिठाईच्या खोक्यापर्यंत आणि साडीच्या पदरापासून भिंतीवरील कॅलेंडरपर्यंत जुन्या चित्रकलेच्या खुणा जागोजागी आढळतात. कोठे कमळ, कोठे हंस, तर कोठे अर्धोन्मीलित नेत्रांची एखादी स्त्री. हे नमुने येथवर आले कोठून, आणि येताना त्यांनी बरोबर काय आणले व मागे काय टाकले, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

कलेने बाजारात उतरावे हे पुष्कळांना कमीपणाचे वाटते. परंतु इतिहासाची साक्ष निराळी आहे. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात जो प्राचीन शिलालेख आहे, त्यात ते लेणे घनामदड नावाच्या एका व्यापाऱ्याचे दान असल्याचे नमूद केलेले आहे. व्यापाऱ्याचे द्रव्य आणि कारागिराची छिन्नी यांची सोयरीक अशी दोन हजार वर्षांची आहे. तेव्हा कलेने बाजारात जावे की नाही, हा प्रश्नच नव्हे; तिने तेथे कोणत्या मानाने जावे, हा खरा प्रश्न आहे.

अजिंठ्याचेच उदाहरण पुढे नेऊ. १८१९ साली ही लेणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांसह तेथील चित्रांच्या प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक. या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा पुढे लंडनमधील आगीत नष्ट झाल्या. तथापि त्यांवर आधारलेला ग्रिफिथ्स यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. याच काळात त्या कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली मातीची झिलईदार भांडी तयार होत असत, आणि त्यांच्यावर अजिंठ्याची नक्षी उतरू लागली. भिक्षूंच्या विहारातील चित्र अशा रीतीने विक्रीच्या फुलदाणीवर आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अजिंठ्याच्या पहिल्या व दुसऱ्या लेण्यांची छते लहान लहान चौकटींत विभागलेली आहेत. प्रत्येक चौकटीत एखादे कमळ, फळ, पक्षी अथवा प्राणी असून ती चौकट स्वतःपुरती पूर्ण आहे. ती उचलावी, शेजारी पुन्हा मांडावी, उलटवावी, तरी बिघडत नाही. भांड्याच्या गळ्याला, फरशीला किंवा साडीच्या काठाला हवा असतो तो नेमका असा पुन्हा पुन्हा मांडता येणारा घटक. भिंतींवरील जातककथांचे तसे नाही. त्यांतील पात्रे एकमेकांकडे पाहत असतात. त्यांतील एकच उचलले की कथा तुटते. म्हणून छतावरची नक्षी वस्तूवर सहज रुळते, आणि पद्मपाणीचा चेहरा मात्र पुष्कळदा केवळ शोभेपुरता उरतो. वस्तूला काय मानवते हे ओळखणे, हाच उपयोजित कलेचा पहिला धडा होय. जे. जे. मध्ये १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग निघाला व १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. त्या शिक्षणामागे हाच विचार आहे.

आता आपल्या घराजवळ येऊ. ज्या काळी अजिंठा निजामाच्या राज्यात होता, त्याच काळी आपला आदिलाबाद जिल्हाही त्याच राज्यात होता. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांनी १९३० पासून १९५५ पर्यंत अजिंठ्याच्या चित्रांचे खंड प्रसिद्ध केले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत अजिंठा मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेला, किनवट व राजुरा हे आपल्याच जिल्ह्याचे तालुकेही तिकडे गेले, आणि आपण येथे राहिलो. पण चित्राची रेषा सरहद्द मानीत नाही. गोदावरीच्या वरच्या अंगास असलेल्या निर्मलच्या नक्काशांनी मोगल लघुचित्रांबरोबर अजिंठ्याच्या आकृतीही आपल्याशा केल्या. काळ्याभोर पृष्ठभागावर सोनेरी रंगात उठून दिसणाऱ्या निर्मलच्या तबकड्या व चित्रे आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. काळ्या पार्श्वभूमीमुळे मोजके रंगही दुरून झळकतात आणि बाह्यरेषा ठसठशीत दिसते. जाहिरातकार आज हीच युक्ती वापरतात.

निर्मलची खेळणी पोणिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडाची असतात. त्यावर चिंचोक्याच्या खळीचा लेप देऊन, पृष्ठभाग गुळगुळीत करून मगच रंग चढतो. म्हणजे केवळ चित्र म्हणजे निर्मल नव्हे. ते लाकूड, तो लेप आणि तो हात मिळून निर्मल होते. यांपैकी चित्र तेवढे छापखान्याला उचलता येते; बाकीचे मागेच राहते.

वारली चित्रांची गोष्ट याहून बोलकी आहे. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक सुवासिनी रेखाटीत, आणि त्याच्या मध्यभागी पालघाट देवी असे. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे कागदावर आणून जगापुढे ठेवली; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज ती त्रिकोणी माणसे चहाच्या पेल्यांवर, पिशव्यांवर, सरकारी कुंपणांवर फेर धरून नाचताना दिसतात. नाच आला, देवी आणि तिचा चौक मात्र वाटेतच राहिला.

यावर कायद्याचा उपाय नाही काय? आहे, पण अपुरा. १९९९ च्या भौगोलिक उपदर्शनाच्या कायद्यान्वये निर्मलच्या कलावस्तू आणि वारली चित्रे यांची नोंदणी झालेली आहे. परक्या कारखान्यात झालेल्या वस्तूला ‘निर्मल’ हे नाव लावून विकता येणार नाही. परंतु हा कायदा नावाचे रक्षण करतो, रेषेचे नाही. ग्रंथस्वामित्वाचा हक्कही कलावंताच्या निधनानंतर साठ वर्षांनी संपतो. मग शतकानुशतके चालत आलेल्या परंपरेला त्याचा आधार कोठून मिळणार? तोच आकार प्लास्टिकच्या ताटावर छापून नाव न घेता विकला, तर कारागिराच्या हाती फारसे काही उरत नाही.

म्हणून जेथे कायदा थांबतो, तेथे ग्राहकाची आणि दुकानदाराची अभिरुची पुढे झाली पाहिजे. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांनी तेरा वर्षे ती रेषा हाताने गिरवली. आज कोणताही नमुना क्षणार्धात हाती येतो, आणि ही सोय वाईट नाही. फक्त घेणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात: नमुना कोणत्या गावचा व कोणत्या समाजाचा हे जाणून घ्यावे, वस्तूवर त्याचे नाव द्यावे, आणि शक्य तेथे काम मूळ कारागिरालाच सांगावे. लग्नपत्रिका छापावयास जाल तेव्हा छापणाऱ्याला एवढे विचारा, की हे चित्र कोठले? तबकडी घ्याल तेव्हा ती उलटून पाहा, की हिच्यावर हात फिरला आहे की यंत्र? हा प्रश्न दहा गिऱ्हाइकांनी विचारला, तर अकराव्याला उत्तर देण्यासाठी दुकानदार निर्मलची वाट धरील. आणि ती वाट आपल्यापासून फार दूर नाही.