कोळी पाळावा का?

(हीरकमहोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला एकाच जिवाची दोन-दोन नावे ठाऊक असतात. घरात जो कोळी, तोच फाटकाबाहेर मकडी होतो. समुद्रात जाळे टाकणारा माणूस आणि भिंतीच्या कोपऱ्यात जाळे लावणारा हा जीव, दोघांसाठी मराठीत एकच शब्द आहे. तेलुगूत त्याला ‘सालेपुरुगु’, म्हणजे विणकर किडा म्हणतात. त्यातील ‘साले’ ऐकताच आपल्याकडचा साळी आठवतो. संस्कृतात तो ऊर्णनाभ आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने ज्या चोवीस गुरूंची नावे सांगितली, त्यांत या ऊर्णनाभाला स्थान आहे, आणि संत एकनाथांनी मराठीत विस्तृत टीका लिहिली ती याच स्कंधावर. भाषांनी ज्याला कारागीर मानले आणि अवधूताने ज्याला गुरू मानले, त्याचे आपल्या घरांत स्वागत होते ते मात्र किंकाळीने आणि केरसुणीने.

ही भीती अनेक घरांत थट्टेचा विषय असते. ज्याला ती असते, त्याच्यासाठी तिचे स्वरूप निराळे असते. न्हाणीघराच्या भिंतीवर संध्याकाळी कोळी दिसला म्हणून एखादे मूल रात्रभर लघवी दाबून झोपते. सहलीला जाण्याचे टाळते आणि कारण पोटदुखीचे सांगते. वनस्पतिशास्त्राची आवड असलेली मुलगी रानात जावे लागेल म्हणून दुसराच विषय निवडते. आपल्याला हसतील या धास्तीने ही मुले मनातले बोलत नाहीत. मोठेपणी नोकरीनिमित्त परगावी एकट्याने खोली घेतली की रात्री दोन वाजता झाडू घेऊन येणारे कोणी जवळ नसते, तेव्हा लहानपणी हसण्यावारी नेलेली ही गोष्ट पुन्हा समोर उभी राहते.

अशा मुलाला वडीलधारी माणसे एकच उपदेश करतात, “एवढासा जीव, त्याला काय घाबरायचे!” उपदेश खरा असतो, पण उपयोगी पडत नाही. चार्ल्स डार्विनने १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या, माणसाच्या व प्राण्यांच्या भावाविष्कारांवरील ग्रंथात स्वतःचा एक अनुभव नोंदवला आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेला त्याने चेहरा टेकवला आणि साप झेपावला तरी मागे सरायचे नाही असा निश्चय केला. सापाने फटका मारताच तो विलक्षण वेगाने मागे उडाला. काच जाड आहे हे बुद्धीला ठाऊक होते, पण शरीराने बुद्धीला विचारलेच नाही. डार्विनसारख्याच्या निश्चयाची जर ही गत, तर आठ वर्षांच्या मुलाला निश्चयाचे बळ दाखव म्हणणे कितपत न्याय्य आहे?

मग ही भीती येते कोठून? काही अंशी ती जन्मजात प्रवृत्तीवर उभी असेल, पण तिला आकार मिळतो तो पाहण्यातून. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांनी १९८०च्या दशकात माकडांवर केलेले प्रयोग या दृष्टीने बोलके आहेत. प्रयोगशाळेतच वाढलेल्या तरुण माकडांना सापाची भीती नव्हती. रानात वाढलेली माकडे सापाला पाहून कशी घाबरतात हे त्यांनी पाहिले आणि थोड्याच वेळात तीही घाबरू लागली. पुढचा प्रयोग पालकांनी विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. काही माकडांना आधी सापाजवळ निर्धास्त वावरणारी माकडे दाखवली गेली. नंतर घाबरणारी माकडे दाखवली, तेव्हा या गटातल्या बहुतेकांवर भीतीचा परिणाम फारसा झाला नाही. शांत वडीलधाऱ्याचे दर्शन जणू लसीसारखे उपयोगी पडले. आईच्या किंकाळीतून आणि बाबांच्या उगारलेल्या चपलेतून मूल प्राणिशास्त्राचा पहिला धडा शिकते, तो असा.

शिकलेली भीती विसरता येते काय? १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेने पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. पीटरला सशाची भीती होती; पिसे आणि कापूस पाहूनही तो बिचकत असे. न घाबरणारी मुले त्याच्या सोबतीला असत. पुढे तो खुर्चीत बसून आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाशी ठेवला जाई आणि तो रडणार नाही इतक्याच बेताने जवळ आणला जाई. मध्येच पीटर आजारी पडला, रुग्णालयातून परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि आधी मिळवलेले बरेचसे गमावले गेले. जोन्स यांनी पुन्हा आरंभ केला. अखेरीस पीटरने सशाला आपली बोटे कुरतडू दिली. पुढे याच वाटेने अनेक उपचार विकसित झाले. स्वीडनचे लार्स-योरान ओस्त यांनी १९८९ साली मांडलेल्या पद्धतीत जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच बैठकीत, रुग्णाच्या संमतीने, पायरीपायरीने भीतीच्या वस्तूशी गाठ घालून दिली जाते. कोळ्याच्या भीतीसाठी ती विशेष वापरली गेली.

या पायऱ्यांतच एक साधी, घरगुती पायरी बसते: कोळी पाळण्याचा विचार करून पाहणे. येथे भर विचारावर आहे.

समजा, सहावीतल्या एका मुलीला कोळ्याचे भय आहे. तिला म्हटले, “हात लाव,” तर ती पळेल. तिला असे विचारावे, “हा जर आपल्याला आठवडाभर सांभाळायचा असता, तर काय काय लागले असते?” प्रथम ती नाक मुरडेल. पण प्रश्न मनात रुजतो. तो खातो काय? पाणी पितो का? बरणी केवढी हवी? झाकणाला भोके किती मोठी ठेवायची? भय नेहमी एकच प्रश्न विचारत असते, हा माझे काय करील? पालनकर्त्याचा प्रश्न उलट दिशेने जातो, मी याचे काय करू? हे दोन्ही प्रश्न एकाच मनात एकाच वेळी सारख्या जोराने नांदू शकत नाहीत. ज्याच्या तहानेची काळजी वाटू लागली, तो राक्षस राहत नाही.

उत्तरे शोधू लागले की घरातलेच एक नवे जग उघडते. पाळण्याचा विचार करायला सर्वांत योग्य म्हणजे भिंतीवर उड्या मारत फिरणारा छोटा कोळी. तो सेंटिमीटरभर लांबीचा असतो आणि शिकारीसाठी जाळे विणत नाही. त्याला आठ डोळे असतात. समोरचे दोन इतके मोठे की आपण सरकलो तर तो वळून आपल्याकडे पाहतो. उडी घेण्यापूर्वी तो रेशमाचा धागा भिंतीला चिकटवतो, म्हणजे उडी चुकली तरी तो लोंबकळून वर येऊ शकतो. गिर्यारोहकाच्या दोरासारखीच ही सोय. पाय ताठ करण्यासाठी कोळ्याच्या काही सांध्यांत स्नायूच नसतात. शरीरातील द्रवाचा दाब वाढवून तो पाय पसरतो. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी का आक्रसतात, याचे कोडे येथे सुटते. तो दाब संपलेला असतो.

त्याच्यासाठी रुंद तोंडाची काचेची बरणी, तोंडाला रबराने बांधलेले मलमलीचे फडके, आत एक वाळकी काटकी आणि काचेवर शिंपडलेले पाण्याचे दोन थेंब एवढी व्यवस्था पुरते. दोन-तीन दिवसांआड एखादी लहान माशी किंवा डास मिळाला की त्याचे भागते. बरणी उन्हात ठेवू नये. रेशमाची पिशवी करून तो आत बसला आणि खाईनासा झाला, तर तो कात टाकण्याच्या तयारीत असू शकतो. अशा वेळी त्याला हलवू नये. आठवड्याने जेथून आणला तेथेच सोडून द्यावा. या सात दिवसांत मुलीने वहीत रोज चार ओळी लिहिल्या, तर भाषेचा, विज्ञानाचा आणि धैर्याचा असे तीन अभ्यास एकाच वहीत होतात.

बरणीपर्यंत मजल गेली नाही तरी बिघडत नाही. आधी चित्र काढावे, मग खोलीच्या दारातून पाहावे, मग चार हातांवरून, मग भिंगातून. पायरी कोणती आणि केव्हा चढायची हे मुलानेच ठरवायचे. गंमत म्हणून कोळी मुलाच्या अंगावर टाकणे हा क्रूरपणा आहे. त्याने भीती वर्षानुवर्षे पक्की होते. आणि भयाने श्वास कोंडत असेल, झोप उडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

भीतीइतकाच गैरसमजही दूर करायला हवा. अंगावर कोळी फिरला की फोड उठतात, असे घरोघर सांगितले जाते. रात्री दिव्याकडे येणारा, नारिंगी-काळा, चिमुकला पेडेरस भुंगेरा अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातील दाहक द्रवाने असे फोड उठतात. कधी ती नागीणही असते. दोष मात्र भिंतीवरच्या कोळ्याच्या माथी येतो. कोळ्यांच्या बहुतेक सर्व जातींना विष असते हे खरे, पण ते कीटकांसाठी असते आणि माणसाला गंभीर अपाय करणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. घरात दिसणारा तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी झुरळांचा शिकारी आहे. त्याची मादी अंड्यांची पांढरी चपटी पिशवी पोटाखाली धरून फिरते आणि तिचे रक्षण करते. त्याला बाहेर घालवायचेच असेल तर वर पेला ठेवावा, खालून जाड कागद सरकवावा आणि बागेत नेऊन सोडावे. अनोळखी कोळी हाताने मात्र धरू नये, हा नियम मुलांना आधीच सांगावा.

हौसेलाही एक सीमा आहे. आंध्र प्रदेशातील गुत्ती या गावाच्या नावाने ओळखला जाणारा निळाशार, केसाळ वृक्षवासी कोळी १८९९ साली शास्त्रीय नोंदीत आला. नंतर जवळजवळ शंभर वर्षे तो अभ्यासकांना सापडला नाही आणि २००१ साली पूर्व घाटातील जंगलात पुन्हा दिसला. आज तो अतिसंकटग्रस्त आहे. जंगलतोड हे याचे एक कारण, आणि त्याच्या देखणेपणावर भाळलेल्या शौकिनांचा बाजार हे दुसरे. २०१९ साली त्याच्या संपूर्ण कुळीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. माणसाच्या भयाने जितके जीव मरतात, तितकेच त्याच्या लोभानेही मरतात. म्हणून पाळण्याचा विचार घरच्या भिंतीवरील कोळ्यापुरताच असावा, आणि तोही पाहुणा म्हणून. जंगलातला जीव जंगलातच राहू द्यावा.

मुलाच्या कुतूहलाला वाट मिळाली तर ते किती दूर जाते, याचे एक उदाहरण इतिहासात आहे. अमेरिकेतील ज्युडिथ माइल्स या शाळकरी मुलीने एक प्रश्न विचारला होता, वजनरहित अवस्थेत कोळी जाळे विणू शकेल का? १९७३ साली तिचा प्रयोग स्कायलॅब या अंतराळस्थानकावर प्रत्यक्ष करण्यात आला. ॲराबेला आणि ॲनिटा या नावांच्या दोन मादी कोळ्यांना तेथे नेले होते. आरंभी ॲराबेला गोंधळली आणि तिची जाळी वेडीवाकडी झाली. थोड्या दिवसांनी तिने जवळजवळ पृथ्वीवरच्यासारखे जाळे विणले. कोळ्याविषयी प्रश्न विचारणाऱ्या एका विद्यार्थिनीने अंतराळवीरांच्या दिनक्रमात आपली जागा मिळवली.

साठ वर्षांत या शाळेने पाढे, व्याकरण आणि प्रमेये शिकवली. भय ओलांडण्याची कला कोणत्याच इयत्तेच्या पुस्तकात नाही. ती घर आणि शाळा मिळूनच शिकवू शकतात. कोळ्याच्या निमित्ताने मुलाला एकदा कळले की भीती दूर लोटण्यापेक्षा तिच्याजवळ बसून तिला चार प्रश्न विचारणे सोपे आहे, तर ती रीत त्याला पुढे परीक्षेच्या, परक्या गावाच्या आणि अनोळखी माणसांच्या भीतीसाठीही वापरता येईल.

दिवाळीची साफसफाई जवळ आली आहे. घरोघर जळमटे निघतील आणि ती निघावीतही. पण माळ्याच्या किंवा गॅलरीच्या एका कोपऱ्यातले जाळे यंदा तसेच राहू द्यावे आणि त्याची देखरेख घरातल्या सर्वांत भित्र्या माणसाकडे सोपवावी. तो माणूस लहानच असेल असे नाही.