घरच्या श्वान-मार्जारांचे निर्बीजीकरण : आपल्या व्यवसायाचे एक कर्तव्य

पशुवैद्यक बंधुभगिनींनो,

ज्या मुंबई नगरीत आपण आज जमलो आहोत, तेथे १८३२ सालच्या जून महिन्यात, कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाची अंमलबजावणी शिपाई बक्षिसाच्या आशेने करू लागले तेव्हा, पारशी समाजाने दुकाने बंद ठेवून, इतकेच नव्हे तर दंगल पतकरून, तिचा प्रतिकार केला. हत्येवाचून दुसरा मार्ग निघण्यास त्यानंतर दीड शतकाहून अधिक काळ लोटावा लागला. आणि २००१ साली केंद्र सरकारने निर्बीजीकरणाचे नियम केले तेव्हा त्यांतच, पाळीव कुत्र्याच्या प्रजननाची व शस्त्रक्रियेची जबाबदारी मालकाची आहे, असेही निःसंदिग्धपणे लिहिले. ती जबाबदारी अद्याप बहुतांशी दफ्तरातच राहिली आहे, हे माझ्या आजच्या बोलण्याचे कारण.

माज ओसरून काही आठवडे झालेली, अन्न टाकलेली, वारंवार पाणी पिणारी प्रौढ कुत्री ज्याने तपासली आहे, त्याला गर्भाशयात पू होण्याची व्याधी किती कपटी आहे हे सांगावयास नको. गर्भाशयाचे मुख बंद असले तर बाहेर स्रावाचा थेंबही दिसत नाही, विष मात्र सर्वांगात भिनत जाते. आणि निरोगी वयात जी शस्त्रक्रिया करून जनावर बहुधा दुसऱ्या दिवशी शेपूट हलवीत उभे राहिले असते, तीच आता मूत्रपिंडे थकलेल्या, ज्वराने क्षीण झालेल्या देहावर, मध्यरात्री, जनावराच्या जिवाचा धोका पत्करून करावी लागते. स्तनग्रंथींच्या अर्बुदांविषयी अमेरिकेत १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीतील धोका ती न झालेल्या कुत्रीच्या तुलनेत अर्धा टक्का, आणि दुसऱ्या माजानंतर झालेलीत सव्वीस टक्के आढळला होता. त्या आकड्यांच्या काटेकोरपणाविषयी पुढील संशोधकांनी शंका घेतल्या आहेत व त्या रास्त आहेत. तरीही लवकर केलेल्या शस्त्रक्रियेच्या बाजूचा माझा कौल त्यामुळे बदलत नाही.

मांजरीची गोष्ट तर अधिकच निकडीची. बहुधा समागमानेच तिचे बीज सुटते, चार-पाच महिन्यांची पोर असतानाच ती गाभण राहू शकते, आणि पिले अंगावर पीत असतानाही पुन्हा गर्भ धारण करते. मग ती पिले पोत्यात घालून मासळीबाजाराच्या कडेला सोडली जातात. आणि ज्यांच्या घरी ती जन्मली ती माणसे निर्दय नसतात, त्यांना वेळेवर कोणी सांगितलेले नसते.

‘एकदा तरी तिला विऊ द्या, मग बघू,’ असे मालक आपल्याला कळवळून सांगतो. त्या भावनेचा मान राखूनही, एका वेताने आरोग्यास कोणताही लाभ होत नाही, हे आपण सौम्य पण स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे. सर्वांना एकच वय लागू करू नये, हेही तितकेच खरे: थोराड जातींच्या कुत्र्यांत सांध्यांची वाढ पुरी होईपर्यंत थांबणे इष्ट ठरते, आणि शस्त्रक्रियेनंतर आहार आटोक्यात न ठेवल्यास अंगावर मेद चढतो.

माझी तजवीज साधी आहे. पहिली लस टोचताना जे कार्ड आपण मालकाच्या हाती देतो, त्यावर पुढील लसीच्या तारखेखालीच शस्त्रक्रियेचा महिना आपल्या हस्ताक्षरात लिहावा, आणि तो महिना उजाडताच आपल्या दवाखान्यातून त्या घरी निरोप जावा.