टिव्होलीची डोंगरगाडी

जत्रेतला रहाटपाळणा आपणांपैकी कोणी पाहिला नाही असे होणार नाही. लाकडी पेट्या, कुरकुरणारा आस आणि तो हाताने फिरवणारा पाळणेवाला. वर गेलेल्या पोराने रडे काढले की तो वेग आवरता घेई. पुढे पाळण्यांना यंत्रे बसली आणि हा माणूस बाजूला झाला. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे मात्र त्याचा एक भाऊबंद अद्याप कामावर आहे.

तेथील टिव्होली हे उद्यान १५ ऑगस्ट १८४३ रोजी उघडले. गेऑर्ग कार्स्टेन्सेन नावाच्या उद्योगी गृहस्थाने आठव्या ख्रिश्चन राजाकडून त्यासाठी परवानगी मिळविली. प्रजा करमणुकीत रमली म्हणजे तिला राजकारण सुचत नाही, असे त्याने राजाला पटविले, अशी आख्यायिका आहे. राजांना असले युक्तिवाद लवकर पटतात! जागा मिळाली ती शहराच्या तटाबाहेरची; आज बागेत जे तळे दिसते, तो जुन्या खंदकाचाच तुकडा होय. १८७४ सालचे चिनी घाटाचे मूकनाट्यगृहही तेथे उभे आहे; त्याचा पडदा म्हणजे एक भला थोरला मोर.

परंतु मला सांगावयाचे आहे ते १९१४ साली सुरू झालेल्या डोंगरगाडीविषयी. लाकडी सांगाड्यावर सुमारे ७२० मीटर लांबीचा चढउतारांचा मार्ग; गाडी ओढून माथ्यावर न्यावयाची आणि सोडून द्यावयाची, पुढचे सारे काम गुरुत्वाकर्षणाचे. नव्या पोलादी मार्गांत रुळाच्या खालूनही चाके असतात, म्हणून गाडी उलटी झाली तरी सुटत नाही. त्या काळच्या अशा गाड्यांना ही पकड नसे. केवळ स्वतःच्या भारावर त्या रुळाला धरून असत. उंचवट्यावर वेग फाजील झाला तर चाके उचलली जाण्याचे भय. म्हणून गाडीबरोबर एक माणूस बसतो आणि हातातील दांड्याने वेग आवरतो. गाडी भरलेली की रिकामी, रूळ कोरडे की पावसाने ओले, हे पाहून कोठे किती दाबावयाचे ते त्याचे त्यानेच ठरवावयाचे.

आता कोणी विचारील, लाकूड कुजते, फळ्या बदलाव्याच लागतात. मग ही गाडी १९१४ ची कशी? प्रश्न रास्त आहे. टिव्होलीवर तर याहून मोठा घाला पडला होता. जून १९४४ मध्ये नाझींच्या हस्तकांनी बागेत स्फोट घडविले, संगीतगृह जळून गेले. नवे उभे राहिले ते १९५६ साली. बाग मात्र काही आठवड्यांतच पुन्हा उघडली होती. अशा ठिकाणी जुनेपण लाकडात शोधू गेल्यास हाती फारसे लागणार नाही. ते त्या दांड्यावरच्या हातात आहे, असे माझे मत. फळी सुताराकडून नवी करून घेता येते. हा अंदाज मात्र जाणत्याच्या शेजारी बसूनच शिकावा लागतो. हिशेबनीसाला हा पगार जड वाटला आणि स्वयंचलित यंत्र बसविले, तर सर्व फळ्या जुन्या असूनही गाडी नवी झाली म्हणावयाची.

असे मार्ग आता जगात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ल्यूना पार्कमध्ये १९१२ सालचा एक आहे. समुद्रकाठी, वाऱ्यावर, तेथला माणूस सारा प्रवास गाडीच्या मध्यभागी उभ्यानेच करतो.